आधी हुंगायचं

"गाणाऱ्याच्या घरात बाटली आधी हुंगायची, मंजू, मग तोंडाला लावायची. कोणतीबी असू दे."

पिंकीला घेऊन मी माहेराहून पालमला परत आले त्या आठवड्यात आत्याबाईंनी मला हे बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडे पद्धत. पण त्यांच्या सगळ्याच पद्धती पाळीन असं काही मी कबूल केलं नव्हतं. माझं बी.एस्सी. झालेलं. मी लेबल वाचते, तारीख बघते, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच पिचकारीत ओढते. हुंगायचं कशाला? ज्यांना वाचता येत नाही ते हुंगतात, असं मी माझ्या नवऱ्याला, जीवनला, म्हणालेसुद्धा. तो तेव्हा स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता. "तिचं ऐकत जा," एवढंच म्हणाला आणि गुंडाळत राहिला.

आज जयंती. सकाळपासून दाराला कडी लागली नाही. येणारा प्रत्येक जण आधी जय भीम म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "शीला खरंच गाणार का?" शीला म्हणजे माझी नणंद. राणीसावरगावहून पोरांचा टेम्पो निघाला होता, पोखर्णीच्या बाया दुपारच्याच एसटीनं येऊन आमच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. शाळेच्या मैदानावर जीवनच्याच साउंड सर्व्हिसचे स्पीकर लागलेले. रविवारच्या बाजारात सुद्धा एवढी माणसं मी पालममध्ये पाहिली नव्हती.

आणि या सगळ्या गडबडीत पिंकीचा सकाळचा डोस दुपारपर्यंत राहिला होता.

मी कपाटातून तिच्या खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, पिचकारीत औषध ओढलं. पिंकीनं आ केला. तिला हे औषध आवडतं, गोड असतं म्हणून. पिचकारी तिच्या ओठांशी नेली आणि माझी नजर बाटलीवर गेली.

बाटली भरलेली होती.

काल औषध लेबलाच्या खाली गेलं होतं. आज ते गळ्यापर्यंत. मी आयुष्यात पहिल्यांदा बाटली हुंगली. पेपरमिंट, आणि त्याच्या आत काहीतरी जड, कोंदट गोड. हा वास मला ओळखीचा होता. दिवाळीत शीला पुण्याहून घरी आली, तेव्हा तिच्या गिटारच्या पिशवीला हाच वास होता.

मी पिचकारी इतक्या जोरात मागे ओढली की पिंकीनं भोकाड पसरलं.

"जीवन, घरी ये," मी फोनवर म्हणाले.

"आत्ता? जनरेटरवाला समोर उभा हाय." मागून बजरंगचा आवाज येत होता, हॅलो चेक, चेक. बजरंग शीलाच्या बँडचा ड्रमर.

"पिंकीच्या बाटलीत शीलाचं औषध आहे."

चेक, चेक थांबल्यासारखं वाटलं मला. थांबलं नव्हतं.

"पाजलंस?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हणते ना! पिचकारी तोंडापाशी होती, जीवन. आ केला होता तिनं."

तो मोटारसायकलवर आला तो गाडी स्टँडवर न लावता भिंतीला टेकवूनच. पिंकीला उचललं, तिचे डोळे बघितले, तोंड हुंगलं. म्हणजे त्यालाही हुंगता येत होतं तर. मग दाराबाहेर शेंगा फोडणाऱ्या बायांकडे एकदा बघून त्यानं आवाज खाली आणला.

"मायला सांगू नको. आजच्या दिवस."

"का?"

"माय कार्यक्रम बंद पाडंल. मंजू, बँड पुण्याहून आलाय. आज शीला नीट उभी राहून गायली तर ते तिला परत घेणार हायेत. नाशिकला पडल्यानंतर कुणी तिचा फोन उचलत नव्हतं. बजरंगनं बाकीच्यांचे पाय धरलेत या एका कार्यक्रमासाठी."

"आणि माझी लेक?"

"माझी न्हाई का ती?"

"मग?"

मलाही त्याचं म्हणणं कळत होतं, हाच तर त्रास होता. शीलाचा आवाज एकदा ऐकला की माणूस तिच्या बाजूचा होतो. कॉलेजच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा ओरडून गायली, तो व्हिडिओ मी लग्नाआधी पाहिला होता, आणि या मुलीची वहिनी व्हायला मिळतंय म्हणून मैत्रिणींना मिरवून सांगितलं होतं. मग 'गिट्टी' बँड निघाला, मुंबई झाली, बंगळूर झालं. रोज गाऊन घसा बसायचा, म्हणून कुणीतरी तिला खोकल्याचं ते औषध दिलं. घसा मोकळा वाटला, शिवाय भीतीही गेली. पुढं खोकला राहिला नाही, औषध राहिलं. नाशिकला ती मंचावरून खाली पडली त्याचाही व्हिडिओ झाला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. दिवाळीनंतर ती व्यसनमुक्ती केंद्रात राहिली आणि गेल्या महिन्यात घरी आली. तेव्हापासून मी कपाटं मोजूनमापून बघत होते. बघितलं नव्हतं ते फक्त माझ्या लेकीच्या बाटलीत.

"काय खुसपूस लावली दोघांनी?"

आत्याबाई दारात. नवी निळी साडी, डोक्यावर पदर, हातात पिंकीसाठी फुगा. "पोरगी कामून रडायली?" म्हणत त्यांनी पिंकीला घ्यायला हात पुढे केले आणि माझा हात मधेच धरला. माझी बोटं नाकापाशी नेली. मी हात धुतला नव्हता.

जीवननं डोळे मिटले.

"कुठाय ती?" आत्याबाई म्हणाल्या.

"माय, ऐक..."

"कुठाय म्हणते मी."

"शाळेत. वर्गात तयार होयालीय."

आत्याबाईंनी फुगा सोडून दिला. तो छताला जाऊन चिकटला.

*

सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावली होती. शीला एका बाकावर मांडी घालून बसली होती, काळा टी-शर्ट, डोळ्यांत भरपूर काजळ. बजरंग काठ्यांनी बाकावरच ताल धरत होता. आत्याबाईंना बघून तो उठला. "जय भीम, काकू!"

"जय भीम. दार लाव."

त्यानं लावलं. तो आतच राहिला, कारण बाहेर जायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

"शीले, लेकराच्या बाटलीत काय भरलंस?"

मी बाटली बाकावर ठेवली. शीलानं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या पिंकीकडे, आणि तिचं तोंड एकदम पांढरं पडलं.

"पाजलं का? वहिनी, पाजलं का तिला?"

"तू सांग आधी," मी म्हणाले.

"वहिनी, पाया पडते, पाजलं का?"

"नाही."

ती बाकावरून खाली उतरली आणि जमिनीवरच बसली.

"मी नाही भरलं."

"तू न्हाई तर कुणी?" आत्याबाई म्हणाल्या. "बाटलीला पाझर फुटला का?"

"माय, बघ की नीट. बाटली भरलीय. वरपर्यंत. मी कधी बाटली भरून ठेवलीय का? मी रिकामी करणारी बाई हाय."

बजरंगला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. "खरंय, काकू. आमच्या गाडीत सगळ्या रिकाम्याच सापडायच्या."

"तू गप रे, ढोलकीवाल्या."

माझ्या डोक्यात मघाशीच यायला हवं होतं ते आत्ता आलं. भरल्यापासून आतापर्यंत बाटलीतलं काहीही कमी झालेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी शीलाला म्हणाले. "बाटलीत काय आहे ते."

"सकाळपासून." ती खाली बघून बोलत होती. "कपाटासमोरून जायचे, यायचे. हात लावला नाही. शप्पथ. पण सांगितलं पण नाही. वहिनी, तू ते पिंकीला देशील हे डोक्यातच आलं नाही माझ्या. ती बाटली पिंकीची हाय हेच विसरले. सकाळपासून डोक्यात मी, माझा घसा आणि ते कपाट, बास."

मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्या शेजारी बसावंसंही वाटलं. पिंकी कडेवर होती म्हणून दोन्ही राहिलं.

"ठेवलं कुणी?" आत्याबाईंनी विचारलं.

शीला जमिनीवरचा खडूचा तुकडा बोटानं फिरवत राहिली.

"कुणी ठेवलं ते विचारते मी."

तिनं मान वर केली नाही, आणि आत्याबाईंना उत्तर मिळालं. त्यांनी वळून जीवनला सांगितलं, "बोलाव त्यांना."

*

लिंबाजी, माझे सासरे, वर्गाच्या खिडकीसमोरच पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते, निळा फेटा, कडक इस्त्रीचा शर्ट. आजूबाजूला माणसं जमवून ते आपल्या गायन पार्टीच्या गोष्टी सांगत होते. एका हंगामात किती गावं केली, कुठल्या गावानं रात्रभर उठू दिलं नाही. "पोखर्णीला तर," ते म्हणत होते, "तिसऱ्या कडव्याला असा आवाज लागला, असा लागला, की अख्खं मैदान म्हणू लागलं माझ्यासंगं!" ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. तरी सगळे ऐकत होते, कारण आज ते शीलाचे वडील होते.

जीवन येऊन कानात बोलला तेव्हा त्यांना वाटलं, मंचावर सत्कार असेल. ते फेटा सारखा करत वर्गात शिरले. बाकावरची बाटली पाहिली आणि फेट्यावरचा हात तसाच राहिला.

"हे तुमी आणलं?" आत्याबाई म्हणाल्या.

लपवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटतच नव्हतं. "आणलं. काल परभनीहून. तिचा हात बघितला का तू? तालमीत माइक धरवत नव्हता. वरचा सूर फाटायला. लेकीचं असं हाल बघवंना मला."

"आन् लेकराच्या बाटलीत?"

"तू घरातली हरेक बाटली हुंगतीस. लेकराच्या औषधाला मंजू कुणाला हात लावू देत न्हाई, म्हणून तिथं ठेवलं. पिंकी खोकत न्हाई आता, म्हणलं कशाला देईल. शीलीला सकाळी सांगितलं, दोन झाकणं घे निस्ती, आवाज मोकळा व्हईल."

"मामा," मी सासऱ्यांना म्हणाले, "दोन झाकणांत पिंकी झोपली असती आणि उठली नसती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिंकीकडे. पिंकी बाटलीकडे हात करत होती. "आजोबा, माझं औशद."

"मला काय माहीत, पोरी," ते पुटपुटले. "खोकल्याचंच हाय की ते. मला काय माहीत." आणि मग, हरलेला माणूस एखादी शेवटची गोष्ट पुढे करतो तसं आत्याबाईंना म्हणाले, "पण घोटभर घेतल्याबिगर मंचावर आवाज निघत न्हाई, बायना. मपला कधी निघाला का? पोखर्णीला घेऊनच गायलो होतो ना मी? तिसऱ्या कडव्याला..."

"पोखर्णीला तिसऱ्या कडव्याला तुमी गायलात न्हाई."

"काय?"

"तुमी पेटीवर डोकं ठेवून झोपले होते. मी खाली बायांत बसले होते, जीवन मांडीवर. लोकं हसू लागले. मी धृपद उचललं. संगं बाया उचलल्या. तुमी डोकं वर काढस्तोवर आमी तेच ते, तेच ते म्हणत बसलो. मग तुमी उठले, दोन हात वर केले आन् टाळ्या घेतल्या."

बजरंगनं काठ्या बाकावर ठेवल्या.

"इतकी वर्षं बोलली न्हाईस," मामा म्हणाले.

"बोलून काय करू? तुमच्या नरड्यावर घर चालायचं. मी दिवसा राणीसावरगावच्या रस्त्यावर गिट्टी फोडायची, रात्री तुमचं धृपद उचलायची. पोखर्णी एकलीच न्हाई."

मामांनी फेटा काढला. आत केस घामानं चप्प बसले होते. त्यांनी बाटली उचलली, वर्गाबाहेर गेले आणि कडुनिंबाच्या बुडाशी ओतली. अर्धं औषध त्यांच्याच चपलेवर सांडलं. पिंकी रडायला लागली. तिच्या मते आजोबांनी तिचं औषध फेकलं होतं.

"चला," आत्याबाई म्हणाल्या. "जीवन, वायरी काढ. बंद."

"माय, बाहेर अख्खा तालुका बसलाय!"

"बसू दे. पोलीस लावा, काहीबी लावा. माझी पोरगी तिथं चढणार न्हाई आन् पडणार न्हाई."

"काकू, एकदा..." बजरंग.

"तू गप!"

"मी गाणार," शीला म्हणाली. ती उठली होती. काजळ गालावर आलं होतं. "पण ठरवायचं वहिनीनं. तिच्या लेकरावर आलं होतं. वहिनी, तू नको म्हण, मी आत्ता एसटी धरते आणि केंद्रात परत जाते. कुणावर रुसणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या घरात माझ्याकडे कधी कुणी असं बघितलं नव्हतं. भाजीला मीठ किती, एवढंच विचारलं जायचं.

केंद्रातल्या मॅडमनी मला फोनवर सांगितलेलं आठवलं: गाताना तिला काही होणार नाही. गाणं संपतं, लोक जातात, आणि ती एकटी उरते, तेव्हा जपा.

"गा," मी म्हणाले. "पण संपल्यावर एकटी बसायचं नाहीस. कुठंही असशील तिथंच थांब, मी येते. मी येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही."

"पाणीपण नाही?"

"मी आणीन. हुंगून आणीन."

ती हसली. काय हसली! आत्याबाई माझ्यावर चिडल्या होत्या, हे मला दिसत होतं. त्या दार उघडून बायांच्या गर्दीत निघून गेल्या.

*

साउंडचा मिक्सर मैदानाच्या मागच्या टोकाला, एका छोट्या मांडवात. गर्दीपासून लांब म्हणून जीवननं मला आणि पिंकीला तिथंच खुर्ची दिली. दिवे लागले तसा मैदानभर असा आवाज उठला की पिंकीनं दोन्ही कान झाकले आणि खूश होऊन किंचाळली.

शीला मंचावर आली. एवढीशी दिसत होती इथून. जीवननं हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला. "ऐक. मला तिचं गाणं नंतर ऐकू येतं, आधी श्वास ऐकू येतो."

श्वास तुटक होता. मग बजरंगनं काठ्या आपटल्या, गिटार फाटल्यासारखी वाजली, आणि शीलानं आवाज सोडला.

मी काय सांगू! पुढची पोरं उभी राहिली, मग मागची. निळीचे लोट उठले. दुसरं गाणं, तिसरं. तिचा हात थरथरत होता; तिनं माइक स्टँडवरून काढलाच नाही, दोन्ही हातांनी स्टँड धरून गात होती आणि तेच तिला शोभत होतं. एक आजोबा खुर्चीवर चढून नाचत होते आणि त्यांचा नातू त्यांना खाली ओढत होता. "आवाज तर बघ, आवाज!" जीवन मिक्सरवर वाकून ओरडत होता, जणू काही तो त्यानंच बनवला होता.

मग ते गाणं आलं, ज्यावरून बँडला नाव मिळालं.

*दगड हाय मी, दगड हाय,*
*फोडला तर गिट्टी हाय,*
*गिट्टीचाच रस्ता व्हतो,*
*त्या रस्त्यानं मी जाणार हाय!*

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला तिनं श्वास घेतला, आणि काहीच आलं नाही. हेडफोनमध्ये मला फक्त तिच्या तोंडाचा कोरडा आवाज आला. गिटारनं एक फेरी जास्त मारली. बजरंग तिच्याकडे बघत ताल ओढत राहिला. मैदानावर मोबाईल वर झाले, एक झाला, मग सगळे झाले.

"पडंल बघ आता!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

जीवनचा हात गोठला होता. "शब्द गेले तिचे," तो म्हणाला. "मंजू, शब्द गेले."

पुढं बायांमध्ये आत्याबाई बसल्या होत्या, तोंड फिरवून, पदर घट्ट लपेटून. त्यांना मंचाकडे बघायचंच नव्हतं. पण हसणं त्यांच्या कानांवर गेलं. हे हसणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या ओठांना काय करायचं ते ठाऊक होतं, त्यांना विचारायची गरज नव्हती.

*दगड हाय मी, दगड हाय...*

त्यांच्याजवळ माइक नव्हता, शीलाच्या माइकनं तो आवाज पकडला. आवाज जाडा, फुटका. शेजारच्या बाईनं उचललं. पोखर्णीच्या बायांनी उचललं. त्यांना तर जुनी सवय. पहिल्या रांगेत मामा उभे राहिले, उघड्या डोक्यानं, आणि हात वर करून टाळ्या वाजवू लागले. स्वतःसाठी नव्हे, ताल देण्यासाठी. बजरंगला ताल सापडला. आणि जीवननं एक गोष्ट केली जी कुठलाही साउंडवाला करत नाही. त्यानं गिटार, बास, सगळं खाली ओढून बंद केलं. मैदानावर उरल्या फक्त बाया आणि ड्रम. *गिट्टीचाच रस्ता व्हतो...* तेच ते, तेच ते. मीपण म्हणत होते. पिंकी माझ्या मांडीवर उड्या मारत "हाय! हाय!" करत होती.

शीला स्टँडला धरून ऐकत होती. मग हेडफोनमध्ये तिचा श्वास आला, लांब, खोल, पोटातून.

"आली," जीवन म्हणाला आणि मिक्सरवरचे सगळे फेडर, आवाजाच्या सरकपट्ट्या, एकदम वर ढकलले.

ती तिसऱ्या कडव्यावर अशी उतरली की मांडवाचं कापड हाललं. मी रडत होते, ओरडत होते, माझा नवरा माझा खांदा दाबत होता, आणि हसणारी पोरं नाचत होती. शेवटचा सूर ज्यावर काल आवाज फाटला होता, तो तिनं फाटू दिला. फाटलेलाच ओढला, लांब, आणि अख्खं पालम त्याच्यासोबत ओरडलं.

*

ते आत्ता, एवढ्यात झालं. अजून फटाके चालू आहेत.

पोरं स्पीकरच्या मनोऱ्यावर चढलीत म्हणून जीवन तिकडे धावलाय. जाताना म्हणाला, "जागा सोडू नको, मिक्सरला कुणाला हात लावू देऊ नको." पिंकी एवढ्या गोंगाटात माझ्या खांद्यावर झोपलीय, दर मिनिटाला मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. आत्याबाईंना बायांनी घेरलंय. मामा मंचासमोर फेटा शोधतायत, तो वर्गात राहिलाय. फोन कुणालाच लागत नाही, सगळे मोबाईलवर लाइव्ह दाखवतायत.

हेडफोन अजून माझ्या कानाला आहे. शीला मंचामागे गेली ती बिनवायरीचा माइक स्टँडवरून काढून हातात घेऊनच गेली आणि बंद करायला विसरलीय. मैदानाला ऐकू येत नाही, मला येतं. तिची चप्पल. खुर्ची ओढल्याचा आवाज. कुणीतरी म्हणालं, "ताई, काय गायलात! हे घ्या," आणि पावलं लांब गेली. आता तिचा श्वास तेवढा.

आणि आत्ता, कट्. झाकण फिरवलं तिनं.

पाणी असेल. एवढं गाऊन घसा कोरडा पडलाय, पाणीच असेल. पण मी येईपर्यंत थांब म्हणाले होते, आणि मी इथं अडकलेय. हेडफोनमधून वास येत नाही.

तुम्ही इतका वेळ माझ्याजवळ उभे आहात, तुमच्या खांद्यावर लेकरू नाही. मंचाच्या डाव्या अंगाला, जनरेटरच्या मागून वाट आहे. जरा जाऊन बघता का तिच्याकडे? ओरडू नका, उपदेश करू नका. वहिनीनं पाठवलंय म्हणा, जेवलीस का विचारा, शेजारी बसा. आणि तिच्या हातात जे काही असेल ते आधी स्वतः हुंगा. ती रागावणार नाही. जा ना. पटकन.